मागच्या रांगेसाठी दोन टीबी

१२ नोव्हेंबर २०२४

डिस्क भरली! पुन्हा ती लाल पट्टी. इर्शाद लोणावळ्याचं प्री-वेडिंग शूट उतरवत होता, अर्ध्यातच अडकलं. लगेच माझ्या मागे लागला, "आपा, अब्बांच्या वेळची लग्नं उडव आता. लोक अल्बम घेऊन गेले कधीच. काहींचे तर तलाकही झाले असतील." बोलला आणि जीभ चावली. सख्ख्या बहिणीचा, माझा तलाक त्याला तेव्हा आठवला.

उडवणार नाही. एकही नाही! कॉम्प्युटर म्हातारा आहे, कबूल. अब्बा जाण्याआधी त्यांनीच स्टुडिओत आणलेला. पण मोठी डिस्क बसते त्यात. मी बसवणार.

१४ नोव्हेंबर

आंदर मावळातून झुंबरबाई आल्या. त्यांचे मालक कोंडाजीआबा गेले. परवा दहावा, फ्लेक्सला फोटो हवा. जवळ फक्त आधार कार्ड. "त्यात लय भेदरल्यावानी दिसत्यात वो."

टाकव्यात आम्हा स्टुडिओवाल्यांना हे पाठ आहे — गेलेलं माणूस कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत सापडतं. आबा पुतणीच्या लग्नात सापडले, अब्बांच्या वेळच्या. फेटा बांधलेले, हसताना. तेवढेच कापून मोठे केले. (आपल्याकडे निम्मे म्हातारे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर फेट्यात दिसतात, ते यामुळेच!) झुंबरबाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. "व्हय, आसंच हासायचं."

इर्शाद बाजूलाच उभा होता. फ्लेक्सची फाइल त्यानेच छापायला पाठवली. बरंच केलं.

१६ नोव्हेंबर

तळेगावला गेले. दुकानदार हसला. "मॅडम, या डबड्यात दोन टीबी? बैलगाडीला एसी लावताय. नवीन मशीन घ्या." म्हटलं, गाडी माझी, बैल माझे, तुम्ही डिस्क द्या! दिली गुपचूप.

१७ नोव्हेंबर

केबल आखूड पडली!! उद्या परत तळेगाव.

१८ नोव्हेंबर

बसवली! स्वतःच्या हातांनी. आतून ओंजळभर धूळ निघाली आणि पालीची दोन अंडी. एक स्क्रू हरवला तो हरवलाच, त्याच्यावाचून काही अडत नाही.

चालू केलं तर नवी डिस्क दिसेचना. आधी फॉरमॅट करावी लागते. इर्शाद खांद्यावरून, "आपा, चुकून जुनीच पुसशील! कोणाला तरी बोलाव." नाही बोलावलं. डिस्कच्या साइजचा आकडा तीनदा वाचला, मग बटण दाबलं. दोन टीबी म्हणून घेतली, दाखवते १८६३ जीबी. दुकानदाराला फोन केला. "असंच असतं, मॅडम." असो! जागाच जागा आहे. आता म्हणून दाखवावं कुणीतरी — उडव!

१९ नोव्हेंबर

जुनं सगळं नव्या डिस्कवर आलं. वाटलं, आता अब्बांचाही एक फोटो मोठा करून दुकानात लावावा. माझ्या निकाहचं फोल्डर उघडलं. तलाकनंतर पहिल्यांदाच.

रिकामं. जुन्या डिस्कवरही रिकामंच.

इर्शाद खाली बघत म्हणाला, "तेव्हाच पुसलं, आपा. तुला पुन्हा दिसू नये म्हणून."

अब्बा आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे. त्या एकाच दिवशी, माझ्या शेजारी उभं राहायला, त्यांनी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला होता.