लष्करी दर्जाचा मदरबोर्ड

रविवार, ९ नोव्हेंबर
तनुजा अर्धापूरला माहेरी जाऊन आठवडा झाला. कारण क्षुल्लक. गेममध्ये हरलो, कीबोर्ड फेकला, कपाटाची काच गेली. त्याआधी मिक्सर. त्याआधी माझाच मोबाइल. बायकोला आजवर बोट लावलेलं नाही. आज फोनवर म्हणाली, पुढच्या रविवारी येते, घरात काय शाबूत हाय बघते, मग ऱ्हायचं का न्हाई ठरवते. खूप विचार केला. दोष रागाचा नाही, मालाचा आहे. हल्ली दणकट वस्तू मिळतच नाहीत.

सोमवार, १०
राग सोडला. कायमचा. जुना कॉम्प्युटर अडकतो म्हणून हरतो, हरतो म्हणून फेकतो. नवा गेमिंग पीसी जोडायचा. मुळावरच घाव.

मंगळवार, ११. दुपारी
अण्णारावांच्या दुकानात मदरबोर्ड बघितले. आमचं घराणं देवणीच्या बैलबाजारातलं, पारख रक्तात आहे. पाठीवर थाप मारली, कड पिरगाळली, दात तपासले. दात म्हणजे प्रोसेसर बसतो तिथल्या पिना. अंगठ्यानं दाबल्या. अण्णाराव म्हणाले, बोर्ड हाय ते, बैल न्हाई, पिना वाकल्या की गेला कामातून. वाकल्या. किरकोळ बाचाबाची झाली. त्यांची कॉलर माझ्या मुठीत कशी आली कळलं नाही, कारण राग अजिबात नव्हता. पिना वाकलेला आणि एक धड, असे दोन्ही बोर्ड घ्यावे लागले. दुसऱ्याच्या खोक्यावर ‘लष्करी दर्जा’ छापलंय.

गुरुवार, १३
लष्करी बोर्ड म्हणजे जाड पाटी. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेला पोलादी पत्रा. वर वशिंडासारखा ॲल्युमिनियमचा ठोकळा. रॅम बसेना. आधी प्रेमानं समजावलं, मग बुक्की घातली. बसली. बोर्डाला काही नाही, माझी करंगळी सुजली. अशी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा भेटली.

शनिवार, १५
स्क्रीन काळीच. बोर्ड काढून बदडला. एकदा जमिनीवर आपटला, फरशी फुटली. मेहुण्याला, सुदर्शनला, फोन केला. तो म्हणाला, दाजी, प्रोसेसरची वायर लावली का. लावली नव्हती. लावली, सुरू झाला. आधी का सांगितलं नाही म्हणून त्याला शिव्या घातल्या. फुटक्या फरशीवर चटई टाकली.

रविवार, १६
तनुजा सकाळच्या बसनं आली. तिला सांगितलं, आता या घरात काही फुटायचं नाही. तिला पटेना. मग बोर्ड काढला आणि तिच्यासमोर भिंतीवर हाणला. गिलावा पडला. बोर्डावर ओरखडा नाही. मोठ्या अभिमानानं वळलो, तर ती दाराला पाठ लावून उभी, दोन्ही हात तोंडावर. म्हणाली, बोर्ड लई मजबूत हाय. मी न्हाई. बॅग उघडलीच नव्हती. दुपारच्या गाडीनं परत गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बोर्ड पुन्हा जोडला. चालतो. पहिलाच गेम जिंकलो. तनुजाला सांगायला फोन लावला, तिनं उचलला नाही. मोबाइल हळूच गादीवर ठेवला. बघायला कोणी नव्हतं.