नवे हेडलाइट आणि पांढरा बैल

करडी, सोमवार. जेवणं व्हायची आहेत.

आज भंडाऱ्यात जुन्या पिकअपला एलईडी हेडलाइट बसवले. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता दिवसासारखं दिसन." बरं वाटलं. अंधार पडला की रस्ता पुसट होतो, तो जुन्या पिवळ्या दिव्यांमुळेच, असं मी वर्षभर धरून चाललो होतो.

परतताना शेजारी बायको, शोभा. तलावाजवळ दिवे लावले तशी ती हरखली. "अवो, झाडावरचे बगळे बी दिसून राह्यले!"

मला झाडच दिसत नव्हतं. मी नुसतं हूं केलं.

पुढच्या वळणावर ती किंचाळली, "बैल! पुढं बैल हाये!"

ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बैल बोनेटला टेकलाच होता. पांढराशुभ्र बैल, आणि त्याचं दावं धरून उभा असलेला म्हातारा.

शोभा हळूच म्हणाली, "तुमाले दिसलाच नाही ना?"

"नव्या लाइटची सवय नाही अजून." खोटं बोललो. एवढ्या उजेडात पांढरा बैल दिसू नये? म्हणजे दोष दिव्यांचा नाही, डोळ्यांचाच. मग वर्षभरात असे किती जण थोडक्यात वाचले असतील, मला न कळता?

उद्या पहाटे, अंधारातच, धानाच्या रोवणीच्या बाया गाडीत घालून शेतावर न्यायच्या आहेत. हो म्हणून बसलोय.

आत्ता किल्ली बघायला उठलो, तर खिळ्यावर नाही. शोभा चुलीपुढे बसली आहे. तिच्या पदराला गाठ मारलेली. तिनं वर पाहिलं.

मी किल्ली मागितली नाही.