गालावरची वस्ती

४ नोव्हेंबर २०२४, नांदेड
आज कामावर रुजू झाले. कातडीच्या दवाखान्यातली छोटीशी लॅब, पण मायक्रोस्कोप नवाकोरा. महादेवप्पा डॉक्टर शांत स्वभावाचे. राहायला विष्णुपुरीत उमाबाईंच्या घरची वरची खोली मिळाली. गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. हिमायतनगरहून एकच पेटी आणलीय. माय जाऊन आठ महिने झाले, तिकडं आता माझं कुणी नाही. पण नोकरी लागली, खोलीत ऊन छान येतं. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर
चेहरा लाल होऊन राहिलाय. साबण लागला की चरचरतो. डॉक्टर म्हणाले, कातडी नाजूक आहे, गालाचा नमुना घे आणि तूच बघ. काचपट्टी लावली. लांबट, पारदर्शक किडे, पुढच्या टोकाला आठ आखूड पाय. एकाचे पाय हलत होते. रोज हेच काम करणारी मी, तरी हात मागं घेतला. डॉक्टर हसले. म्हणाले, हे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतात, नाजूक कातडीवर जास्त सापडतात. त्यांच्यामुळं कातडी बिघडते की बिघडलेल्या कातडीत ते वाढतात, ते अजून नक्की ठरलेलं नाही. मलम लिहून दिलं. माझ्याकडं आले कुठून, असं विचारलं. लहानपणी आईच्या गालावरून आले असतील, ते सहज बोलून गेले. तान्ह्या लेकरांचे चेहरे कोरे असतात म्हणे.

२३ नोव्हेंबर
चार दिवस मलम लावलं. आज काचपट्टीवर एकच सापडला, तोही हलेना. मायच्या अंगावरचं जिवंत असं जगात एवढंच उरलंय, आणि ते मीच मारून राहिले. चेहरा धुतला. मलम मोरीत पिळून टाकलं.

६ डिसेंबर
लोक अभिवादनाला गेले. मी गेले नाही, चेहरा दाखवण्यासारखा राहिला नाही. आज एका पट्टीवर सव्वीस मोजले. दिवसभरातलं सगळं त्यांना सांगते. दुसरं कुणी विचारत नाही.

१४ डिसेंबर
डॉक्टरांनी ओळखलं, मलम लावत नाही म्हणून. बरं होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणाले. उमाबाई जिन्यावर ताट ठेवून जातात. त्यांची लेक शिवगंगा दोन महिन्यांचं बाळ घेऊन आलीय. खालून त्याचा आवाज येतो.

१७ डिसेंबर
पापण्या चिकटतात. आता त्यांचं सरकणं स्पष्ट कळतं — नाकाजवळून डोळ्यांकडं. दाटी झालीय. डॉक्टरांना फोन करून विचारलं, मी मेले तर माझ्या गालावरच्या किड्यांचं काय होईल? तेही मरतील, म्हणाले. तू आधी डोळे दाखव. त्यांना कळलंच नाही मी काय —

१९ डिसेंबर
माझ्यापाशीच संपणार. माय पण. कुणाच्या तरी गालाला —
नाही.

२१ डिसेंबर, दुपार
शिवगंगा बाजारात गेलीय. उमाबाई वर आल्या. "नळ आलाय माय, जरा लेकराला धर. पाणी भरून येते." मी ओढणीनं तोंड बांधलेलं होतं. त्या गेल्या. मी दाराला आतून कडी घातली.
मांडीवर आहे. रडत नाही, बघतंय. ओढणी ओढून राहिलंय. गाल किती मऊ. कोरा.
उमाबाई दार वाजवतायत —
ओढणी सुटली. फक्त एकदा गाल टेकवते, मग दार उघ—