कपाटातल्या मुलीला हाक

मी, या अग्निशमन केंद्राच्या बंबावर चढलेली पहिली बाई, वय वर्षे त्रेसष्ट, हा कागद स्वखुशीने लिहीत आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासलं आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

एक. राहतं घर भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. पुढची खोली मात्र भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी कायम मोकळी ठेवावी. "बायकांना हे झेपायचं नाही" असं म्हणत कोणी आलाच, तर त्याला चहा द्यावा आणि मग वाळूचं साठ किलोचं पोतं खांद्यावर देऊन तीन मजले चढायला सांगावं. चहा आधीच द्यावा, नंतर घशाखाली उतरणार नाही.

दोन. भावाला शेगडी. माझं नेमणुकीचं पत्र त्याने याच शेगडीत घातलं होतं. मी दुसरी प्रत आणून रुजू झाले. तेव्हापासून त्याने तोंड फुगवलंय ते आजतागायत. भाचीला उद्या केंद्रावर रुजू व्हायचं आहे आणि तो नाही म्हणतोय. म्हणून तिचं पत्र मी माझ्याजवळ ठेवलंय.

तीन. शिलकीतून केंद्राने बायकांच्या मापाचे बूट घ्यावेत. मी अकरा वर्षं चिंध्यांचे बोळे कोंबून चालले.

चार. डावा हातमोजा. याबद्दल नीट लिहिणं भाग आहे.

पहिल्याच वर्षी एक इमारत पेटली. साहेब म्हणाले, "बाईने खाली पाइप धरावा." वर गेलेल्या पुरुषांनी मास्कमधून हाका मारल्या. कपाटात लपलेली मुलगी त्या घोगऱ्या आवाजांना घाबरून गप्प राहिली. नंतर मी धुरात शिरले, तेव्हा एका चिमुकल्या हाताने माझी डावी दोन बोटं धरली. मी तिला घेऊन खाली आले. दारात माणसं मोजणाऱ्या ड्रायव्हरने विचारलं, "बाई, तुमच्यासोबतची पोर कुठे गेली?" माझा हात रिकामा होता. मुलगी वर कपाटातच सापडली, गुदमरून गेलेली.

पुढे प्रत्येक धुरात तीच दोन बोटं ओढली जायची. ओढतील तिकडे एखादं मूल असायचं, पलंगाखाली नाहीतर पिंपामागे. त्याला बाईमाणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून मी मास्क काढून हाक मारायचे. चौदा मुलं जिवंत बाहेर आली. मला तिची भीती कधीच वाटली नाही, लाज वाटली.

निवृत्त झाले त्या दिवसापासून माझं कपाट कुणीतरी आतून धरून ठेवलंय. मी रोज हाक मारते, उघडत नाही. धूर गिळून आता माझाच आवाज घोगरा झालाय.

आज दुपारी भाची आली. मागोमाग तिला परत न्यायला भाऊ.

"आत्या, कपाट अडकलंय का गं?"

"हाक मार."

"कुणाला?"

"मार तर."

ती वाकून म्हणाली, "ये गं बाहेर, मी आहे." दार हळूच उघडलं. भाची आपल्या डाव्या हाताच्या दोन बोटांकडे बघत राहिली.

हातमोजा तिचा.

उंबऱ्यातला भाऊ आत आला. मग म्हणाला, "ताई, उद्या या दोघींना मीच सोडतो केंद्रावर."

साक्षीदार: १. निवृत्त ड्रायव्हर. २. भाऊ (साक्षीदाराला वाटा मिळत नाही, म्हणून शेगडी रद्द, चालेल म्हणाला).

स्थळ: राहतं घर, कपाटाची खोली.
रविवार, दिनांक ९ जून.
सही