बिनआवाजाची गाडी

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जुनी गाडी बदल्यात देऊन तू ही विजेची पाठवलीस, त्यामागची माया कळते. पण ही गाडी नव्हे, चाकांवरचा दिवाणखाना आहे. बटण नाही, काटा नाही, आवाज नाही. एक काचेची पाटी आहे, तिची मनधरणी केली की वारा येतो. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि आता वायपर शोधत बसलोय.

रडगाणं त्याचं नाही. माझा डावा खांदा निखळला तेव्हापासून गिअर तुझी आई टाकते. मी क्लच दाबायचा, तिनं इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलायचा. आता ती तुझं नाव विसरली, मलाही ओळखत नाही, पण तिसरा गिअर कधी चुकली नाही. दिवसातली तेवढी वीस मिनिटं ती माझी असायची. नव्या गाडीत तिचा हात दोन सीटांमधल्या रिकाम्या जागेत चाचपडतो. काल रडली आणि मला म्हणाली की ड्रायव्हर, मला घरी सोडा. बाळ, हात जोडतो, जुनी गाडी परत आण.

तुझा,
बाबा

११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच धावत गेले. गाडी भंगारात तोडून झाली होती. तुम्ही दोघं हौस म्हणून तशी चालवता, असंच मी समजत होते. माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. ढिगात गिअरचा दांडा तेवढा सापडला. मुठीवर आईनं विणलेलं लोकरीचं टोपडं अजून आहे. पार्सलनं पाठवतेय. रागावलात तरी पत्र टाकत राहा.

तुमची अपराधी,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दांडा पोचला. सुताराकडून फळीवर बसवून घेतला आणि दोन सीटांमध्ये ठेवला. आईनं मूठ धरली, पण हलवीना. ती आवाजाची वाट पाहत होती. शेवटी मीच तोंडानं इंजिन झालो. घुर्र घुर्र करत बाजारातून जातो. लोक हसतात, हसोत बापडे.

काल चढावर मला दम लागला, आवाज चिरकला. तिनं लगेच दांडा मागे ओढून दुसरा टाकला आणि म्हणाली की अहो, गाडी दमलीय, जरा थांबूया. चार महिन्यांनी तिनं मला अहो म्हटलं. मी गाडी कडेला घेतली.

स्वतःला अपराधी लिहू नकोस. लोभ आहेच, त्यासोबत खोकल्याचं चांगलं औषध पाठव. हे इंजिन बंद पडून चालायचं नाही.

तुझा,
बाबा