आईच्या मताचा सोबती

१४ मार्च

चि. बाळास,

मंगळवार, १२ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जेवणाच्या टेबलाशी बसून तू आईचं मत चोरलंस. आईने मला फोनवर सगळं सांगितलं. तुझ्याशी फोनवर हा विषय काढला की तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

आईला दिसत नाही, जिना उतरवत नाही, म्हणून मतदान घरी आलं. अधिकाऱ्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि तू तिचा सोबती म्हणून सही ठोकलीस की मतदार सांगेल तिथेच खूण करीन. शाळेत नोकरीला असताना निवडणुकीच्या ड्यूटीवर हा कागद मी कितीदा भरून घेतलाय, मला नियम शिकवू नकोस.

आईला कोण हवं होतं हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. तिच्या पायाची जखम रोज धुणारी दवाखान्यातली सिस्टर, उमेदवारांच्या यादीत चौथी. मी मतपत्रिकेएवढ्या कागदाच्या कडेला खाचा पाडून आईला ओळी मोजायला शिकवलं होतं. तो कागद तू घाईचं निमित्त करून बाजूला सारलास. पण गाढवा, तिचा हात तुझ्या मनगटावर होता! मनगट पहिल्या ओळीवरून हललंच नाही. पहिला म्हणजे तुझा शेठ, ज्याची पत्रकं तुझ्या छापखान्यात निघतात. ती म्हणाली, खाली, अजून खाली. तू म्हणालास, हो हो, झालं.

अण्णा होते तोवर ती अण्णा सांगतील तिथे शिक्का मारायची. त्यांच्यामागे तू सांगशील तिथे. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतः ठरवलं होतं.

सौ.ला आणि लेकीला आशीर्वाद. तुझ्या वाटचा तूर्त राखून ठेवते.

ताई


१८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चोर, गाढव वगैरे मायेने लिहिलंस असं धरून चालतो. अगं, पाय धुतला म्हणून मत? उद्या आई दूधवाल्याला देईल, दूध घट्ट असतं म्हणून. शेठ पडला तर छापखान्याचं काम जाईल आणि आईची औषधं त्याच कामावर येतात. एका मताने काय आभाळ कोसळलं? कॉन्व्हेंटच्या ननांनी तुला फाडफाड बोलायला शिकवलं, पण घर आम्हालाच चालवावं लागतं. आई तर विसरलीसुद्धा.

रक्तदाब सांभाळ. रागावलीस तरी लोभ तुटू देऊ नकोस.

तुझा बाळ


२१ मार्च

ती. ताईंना सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न दाखवता लिहिते आहे. सासूबाई विसरलेल्या नाहीत. हे खोलीत आले की त्या भिंतीकडे तोंड करतात. काल मला म्हणाल्या, मतदारयादीतून माझं नाव काढून टाका, उगाच लोकांना जिना चढायला लावायचा. मी म्हटलं, असं बोलू नका. तर म्हणाल्या, तू तरी तुझ्या मनाने कुणाला दिलंस? ताई, कुणाला द्यायचं ते जेवताना हे सांगतात, मी मान हलवते आणि भाजी वाढते.

आमच्या लेकीचं यंदा पहिलंच मत. मतदानाच्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही. म्हणाली, आजीचं बाबांनी दिलं, माझंही त्यांनाच देऊ दे. हे हसले. मला हसू आलं नाही.

तुम्ही इकडे येऊ नका, भांडण वाढेल. आम्हाला मनात ठेवा.

आपली भावजय


२५ मार्च

चि. बाळास,

काल आईशी बोलले.

मोजणी झाली. तुझा शेठ हजारोंनी जिंकला. आईचं मत नसतं तरी त्याचं काही अडलं नसतं. मग घेतलंस कशाला? घरातलं पातेलं जसं न विचारता उचलतो, तसं घेतलंस. ते तिचं आहे हे तुझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

मत परत मिळत नाही. पुढच्या निवडणुकीला आई असेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. म्हणून मला तुझी माफी नको. तू आईला पत्र लिही: तिने काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस. दोन ओळी पुरेत, खाली सही. तोंडी नको, तोंडी बोललेलं तू दुसऱ्या दिवशी नाकबूल करतोस. ते पत्र तुझ्या लेकीने आजीला वाचून दाखवायचं, तू समोर उभं राहायचं.

रविवार, ३१ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत. वाचून झाल्यावर लेकीने मला तसं लेखी कळवावं. तू नव्हे, तिने.

ताई