दोन रेघांमधला हात

केज तालुका,
२६ ऑगस्ट २०१९

प्रिय आश्रुबा,

अक्षर बघून हे पत्र कुण्या लहान लेकराचं आहे असं समजू नकोस. मीच आहे, उत्तरेश्वर. डाव्या हाताने लिहितोय, उजव्याने सध्या संप पुकारलाय. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसलो तर हातच बदललेला. यात काही अर्थ असेल तर तो मला अजून लागलेला नाही. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी चेष्टा सुरू करणार आणि सांगायचं ते राहून जाणार. तू मला ओळखतोस.

मे महिन्यात लकव्याचा झटका आला. साप्ताहिकातल्या माझ्या सदरासाठी मजकूर गोळा करायला आपल्या दूध संस्थेच्या चारा छावणीवर गेलतो. छावणीत जनावरांपेक्षा पुढाऱ्यांचे फ्लेक्स जास्त, असं काहीतरी खवचट वाक्य डोक्यात जुळत होतं. हातात चहाचा कप होता. तो खाली पडला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो, की हा कुणी सोडला. वच्छलाने, तुझ्या वहिनीने, जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. पाय महिन्याभरात वळणावर आला. जीभ गेलीच नव्हती, त्याचं गावात बऱ्याच जणांना वाईट वाटलं. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. वच्छला म्हणाली, "आता तरी तोंडापरीस हात चालवा." तिला बिचारीला ठाऊक नव्हतं, की असं वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं आहे.

दवाखान्यात अंजना नावाची व्यायामाची डॉक्टरीण आहे. धारूरची, माझ्या पुतणीच्या वयाची. काका म्हणते आणि मास्तरणीसारखी दटावते. तिच्याकडे एक यंत्र आहे. अंगावर चिकटवायच्या चकत्या, त्यांच्या वायरी आणि एक पडदा. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचला की तिथे बारीकशी वीज खेळते म्हणे, आणि तिची रेघ पडद्यावर उठते. हात हलो न हलो. पहिल्या दिवशी खांद्यावर चकत्या लावून ती म्हणाली, "काका, हात वर करा." मी केला. म्हणजे मनातल्या मनात केला, हात मांडीवरच. मी म्हणालो, बाई, मेलेल्याला उठवू नको. तिने पडदा माझ्याकडे वळवला. रेघ उठली होती. "हुकूम पोचतोय काका. हात मेला न्हाई." मी पंचवीस वर्षं लोकांना नावं ठेवून पोट भरणारा माणूस, पण त्या वेळी चेष्टा सोडून एवढंच म्हणालो, बाई, पुन्हा एकदा दाखव.

मग तीन आठवडे जोर लावण्याचे व्यायाम झाले आणि हात तसूभर वर आला नाही. तेव्हा तिने आणखी दोन चकत्या छातीवर लावल्या. छातीचा स्नायू हात खाली ओढून धरतो. आता पडद्यावर दोन रेघा, हिरवी उचलणाऱ्याची आणि लाल दाबणाऱ्याची. "करा वर." हिरवी उठली आणि तिच्यासोबत लालही उठली, तेवढीच. मी जेवढा जोर लावावा तेवढ्या दोघी मिळून चढायच्या आणि हात जागच्या जागी थरथरायचा. दोन्ही रेघांवर बोट ठेवून अंजना म्हणाली, "मी चुकले काका. उचलणारा दुबळा न्हाई तुमचा. दाबणारा गप बसत न्हाई." त्या दिवसापासून व्यायामच बदलला. जोर लावायचा नाही. लाल रेघ खुणेच्या खाली ठेवायची आणि मग हात जेवढा जाईल तेवढा जाऊ द्यायचा. लाल वर गेली की यंत्र पिपाणीसारखं केकाटतं. या वयात स्वतःच्याच छातीला गप बस म्हणायला शिकतोय.

एकदा ती म्हणाली, हात वर करण्याची एखादी जुनी आठवण काढा. मला आपली शाळा आठवली. मास्तरांनी प्रश्न विचारला की मला उत्तर यायचं, पण हात वर करायची भीती वाटायची. तुला उत्तर यायचं नाही, पण मला येतंय हे तुला कळायचं, आणि तू बाकाखालून माझा कोपर वर ढकलायचास. चौथीपर्यंत मास्तर मला धीट पोरगा समजत होते. हे आठवलं आणि हात मांडीवरून चांगला वीतभर वर गेला. यंत्र गप. अंजना खूश. आणि त्याच क्षणी, मी न बोलावता, ती सभा आठवली. पिपाणी अशी वाजली, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

कोणती सभा ते तुला सांगायला नको, पण मला एकदा स्वतः लिहायचंय. २०१३ चा मार्च. हिरीत कपारी उघड्या पडलेल्या, तुझ्या तिन्ही गाई भाकड. संस्थेच्या छावणीत दावणी कमी आणि जनावरं जास्त. चेअरमन सुंदररावांनी ठराव मांडला, की ज्यांनी सलग तीन महिने दूध घातलं नाही त्यांचं सभासदत्व रद्द, आणि छावणी फक्त सभासदांच्या जनावरांना. दुष्काळात दूध कोण घालणार, ज्याच्या घरी पाणी आहे तोच. यादीत अकरा नावं होती, तुझं चौथं. मग आपल्या संस्थेची ती जुनी पद्धत. मंजूर कोणाला हे कुणी विचारत नाही. विरोध असेल त्याने हात वर करावा, एवढंच विचारायचं. वर न झालेले सगळे हात मंजुरीत धरायचे. तू माझ्याकडे बघत होतास. आदल्या दिवशी तुझ्याच ओट्यावर बसून मी म्हणालो होतो, उद्या या सुंदररावाची हजामत करतो बघ. मला नियम माहीत होता, कलम माहीत होतं, एक झणझणीत वाक्यसुद्धा तयार होतं. सुंदररावांनी मोजून तीनदा विचारलं. माझा हात मांडीवर होता. मग सेक्रेटरीने इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते.

बाहेर पडताना तू म्हणालास, "तुझं तोंड लई चालतंय बे. हात कावून न्हाई चालला?" पंधरा दिवसांत गाई गेल्या आणि तू साखरावहिनींना घेऊन चाकणला गेलास, कुणाच्या तरी फाटकावर राखण करायला. मी त्याच आठवड्याला सुंदररावांवर दोन रकाने लिहिले. नाव न घेता, अर्थात. लोक खूप हसले. सुंदररावही हसले.

सहा वर्षं मी स्वतःला दोन गोष्टी आलटून पालटून सांगितल्या. एक, की मी हात वर करणारच होतो, तेवढ्यात सभा आटोपली. दुसरी, की मी मुळातच भित्रा, करणारच नव्हतो, तेव्हा वाईट तरी किती वाटून घ्यायचं. दोन्हींवर झोप लागायची. आता या पोरीने पडद्यावर तिसरंच काही दाखवलं. हात जागेवर असतो तेव्हा आत काहीच नसतं असं नाही, दोघंही झटत असू शकतात. पण मग त्या मार्चमध्ये माझ्या आत हिरवी होती का? की नुसती लालच? अंजनाला विचारलं, मागचं काही कळतं का या यंत्रात. ती म्हणाली, "न्हाई काका, हे आत्ताचं सांगतंय. मागचं तुमचं तुमी बघा." मी बघतोय. काही दिसत नाही. एखाद्या दिवशी वाटतं हिरवी होती, आणि लगेच वाटतं, हे मला सोयीचं आहे म्हणून वाटतंय.

गेल्या आठवड्यात साखरावहिनी वच्छलाशी फोनवर बोलल्या. तुला परत यायचंय, दोन गाई करायच्यात, पण सभासद नसताना दूध कुठे घालणार आणि छावणीत दावण कोण देणार, म्हणून तू गप आहेस. हे तू मला कळवलं नाहीस, बरोबरच केलंस. पंधरा सप्टेंबरला संस्थेची वार्षिक सभा आहे. मी लेखी ठराव दिलाय, की त्या अकरा जणांचं सभासदत्व परत द्यावं आणि तो जुना ठराव चुकीचा होता असं इतिवृत्तात नोंदवावं. अनुमोदक म्हणून वच्छलाची सही आहे, आमची गाय तिच्याच नावावर. सूचकाने सभेत उभं राहून हात वर करायचा असतो. सुंदरराव परवा केळी घेऊन भेटायला आले. मायेने म्हणाले, "तुमी कशाला तसदी घेता. अशा तब्येतीत हात वर न्हाई झाला तर कुणी काही म्हणणार न्हाई. आमी समजून घेऊ."

तेच तर आहे, आश्रुबा. कुणी काही म्हणणार नाही. दवाखान्यात आता हात कानापर्यंत जातो, पाचातून तीनदा. पण सभेत मशीन नसणार, पिपाणी नसणार, आणि समोर सुंदरराव असणार. तिथे हात मांडीवर राहिला तर तो लकव्याने राहिला की माझ्यामुळे, हे गावाला कळणार नाही, आणि खरं सांगतो, मलाही कळणार नाही. इतका पक्का बहाणा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. तो वापरायच्या आत, वीस दिवस आधी, तुझ्याकडे लिहून ठेवतोय: मला हात वर करायचाय. हा कागद जपून ठेव आणि सभेला ये. माझ्या शेजारी बस, शाळेत बसायचास तसा, उजव्या बाजूला. फक्त काही झालं तरी कोपराला हात लावू नकोस.

तुझाच,
उत्तरेश्वर